हस्ताच्या भरवशावरची बाग

पुणे–सोलापूर लोहमार्गावर भिगवण मागे पडले की काही स्थानकांनंतर जेऊर येते. करमाळ्याला जायचे तर इथेच उतरायचे, म्हणून बाहेरच्या माणसाला हे गाव स्टेशनमुळे माहीत असते. करमाळा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात पसरलेला आहे. पश्चिमेच्या अंगाला उजनीचे पाणी. 1980 साली पूर्ण झालेले हे धरण काठोकाठ भरले की त्यात 117 टीएमसी पाणी मावते आणि त्या पाण्याच्या जिवावर कंदरसारख्या गावातून केळी परदेशी जाते. पाण्यापासून थोडे दूर गेले की चित्र पालटते. मुरूम, बरड जमीन, कुसळी गवत, मधूनच हिवर आणि बोरी. सह्याद्री ओलांडताना ढग बराचसा भार तिकडेच उतरवून येतात, त्यामुळे या पर्जन्यछायेच्या प्रदेशाला वर्षाकाठी सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो, आणि तोही एका वर्षीसारखा दुसऱ्या वर्षी नाही. शास्त्राच्या भाषेत हा निमशुष्क प्रदेश. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर दिवसेंदिवस टिकतो.

अशा मुलखात गावच्या लोकांनी एकत्र येऊन शाळेच्या आवारात, स्टेशनच्या रस्त्याला, बाजारतळावर किंवा स्मशानभूमीत झाडे वाढवणे ही मला महाराष्ट्रातल्या लोकसेवेतली सर्वांत अवघड सेवा वाटते. इथे पाणी उधळता येत नाही, चूक झाली तर उन्हाळा ती माफ करत नाही आणि ज्याची सावली पडणार त्या झाडाखाली लावणारा बसेलच असेही नाही. तरीही हे काम होते, पूर्वीही होत होते, आणि त्याच्यामागे शतकांचे शहाणपण आहे.

जेऊरहून कुर्डुवाडीमार्गे पुढे गेले की माढा तालुक्यात मोडनिंबजवळ अरण नावाचे गाव लागते. संत सावता माळी यांचे हे गाव. तेराव्या शतकातले हे संत पंढरपूरच्या वाटेवर राहूनही वारीला गेले नाहीत, मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला, असे वारकरी परंपरा सांगते. समाधी 1295 सालची. म्हणूनच आषाढी झाल्यावर देवाची पालखी भक्ताच्या भेटीला अरणला येते. जगात संत पुष्कळ झाले, पण ज्याच्या मळ्यात देवाने यावे असा बागवान संत दुष्काळी सोलापूर जिल्ह्याला मिळाला, हे या जिल्ह्याचे मोठेच भाग्य आहे. मोट, पाट, वाफा आणि खुरपे ही ज्याची पूजासाधने, त्याच्या गावापासून जेऊर काही फार लांब नाही.

सोलापूर शहरातही अशीच एक आठवण पाण्यात उभी आहे. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमदानातून तलाव खोदवून घेतला. बसवेश्वरांच्या काळातला हा शिवयोगी कामालाच पूजा मानणारा होता. आज त्या तलावाच्या मधोमध सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि संक्रांतीला तिथे मोठी यात्रा भरते. लोकांनी एकत्र यावे, घमेली उचलावीत आणि सगळ्यांच्या उपयोगाचे काहीतरी उभे करावे, ही कल्पना इथल्या मातीला नवी नाही. खुद्द करमाळ्यात कमलाभवानीच्या देवळाजवळची शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहिली की पाण्यासाठी माणसे किती खोल उतरत होती ते कळते. झाडांच्या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्रही आठवावे लागते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या राजनीतिग्रंथात आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत असे बजावलेले आहे, कारण ती एकदोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाडाला लागणारा काळ हा राज्यकारभाराचा विषय आहे, हे तेव्हा समजलेले होते.

आज ज्याला आपण उद्यानमंडळ म्हणतो त्याचा आधुनिक अवतार मात्र इंग्रजी अमदानीत आला. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था 1830 साली स्थापन झाली. तिने 1835 साली मुंबईत शिवडीला वनस्पती उद्यान काढले. ते पुढे भायखळ्याला हलले, 1862 साली लोकांसाठी खुले झाले आणि आपण त्याला राणीची बाग म्हणू लागलो. पुण्याची एम्प्रेस गार्डनही याच संस्थेकडे आहे आणि तिथले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन पाहायला आजही रांगा लागतात. मुंबई-पुण्याच्या हवेत गुलाब, शेवंती, हिरवळ यांचे कौतुक सहज शोभते. तीच बाग जशीच्या तशी सोलापूर जिल्ह्यात आणायला गेले की घोटाळा होतो. हिरवळ म्हणून लावलेले मऊ गवत पाण्याचा टँकर मागते आणि टँकर यायचा थांबला की पंधरा दिवसांत तपकिरी होते.

हा धडा जगभरच्या कोरड्या गावांना कधी ना कधी गिरवावा लागला आहे. अमेरिकेत बागप्रेमी मंडळांची चळवळ 1891 साली जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावातल्या महिलांनी सुरू केली. तो भाग पावसाचा. पण अॅरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्स शहरातल्या नागरिकांनी 1930च्या दशकात निवडुंग आणि स्थानिक वनस्पतींसाठी संस्था काढली आणि 1939 साली तिथे वाळवंटी वनस्पतींचे उद्यान उघडले. आपल्या जमिनीवर मुळात जे उगवते तेच जपावे, लोकांना तेच दाखवावे, असा त्यांचा बाणा. हे उद्यान आजही त्या शहराचे भूषण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाने हिवर, अंजन, पळस, मेडशिंग, आपटा, बेल आणि बोर यांची अशी मांडणी केली तर शाळेतल्या मुलांना आपल्याच मुलखाची ओळख पटेल.

पण त्याआधी एक मोठा प्रश्न आहे तो पंचांगाचा. आपल्याकडे झाडे लावण्याचा सण जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न आणि शेतीमंत्री असताना 1950 साली वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून हीच तारीख. महाराष्ट्र शासनाच्या मोठ्या वृक्षलागवड मोहिमांचा प्रारंभही 1 जुलैलाच झाला: 2016 साली 2 कोटी रोपांचे उद्दिष्ट, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी. कोकणात आणि मावळात ही तारीख अगदी बरोबर बसते. सोलापूर जिल्ह्याचे गणित निराळे आहे. इथे मृगात दोन सरी येतात, आर्द्रा कोरडी जाते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे नुसते ढग येऊन निघून जातात. वाऱ्याचा जोर मात्र असतो. भरवशाचा पाऊस येतो तो सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. म्हणून तर सोलापूर हा रब्बीचा जिल्हा आहे. मंगळवेढ्याची ज्वारी याच उशिराच्या ओलाव्यावर पिकते. इथला शेतकरी हस्ताचा पाऊस पडल्याशिवाय ज्वारीच्या पिकाबद्दल बोलायला तयार नसतो.

मग झाडाने काय गुन्हा केला? जे शेतकरी ज्वारीसाठी हस्ताची वाट पाहतात, त्यांच्याच गावात रोपे मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतात, फोटो निघतात आणि ऑगस्टच्या उघडिपीत त्यांची पाने गळतात. माझे स्पष्ट मत असे आहे की जेऊरसारख्या गावाने वनमहोत्सवाच्या आठवड्यात खड्डे तपासावेत, रोपवाटिकेतली रोपे निवडावीत, कुंपणाचा काटा गोळा करावा, आणि रोप जमिनीत घालायचे काम सप्टेंबरच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर करावे. ज्यांच्याकडे पाण्याची खात्री आहे त्यांनी जूनमध्ये लावले तर दोन महिने जास्त वाढ मिळते, हे खरे. पण सार्वजनिक जागेवर अशी खात्री क्वचितच असते. या जिल्ह्यात कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 सालापासून चालू आहे. ओल कधी येते, किती खोल जाते आणि ती कशी टिकवायची याचा अभ्यास सोलापूरच्या केंद्राने पिकांसाठी केला. तो ज्ञानाचा साठा गावातल्या वृक्षमित्रांनाही खुला आहे.

आता खड्ड्याकडे येऊ, कारण बाग खरी तिथे ठरते. दख्खनच्या या भागात वर वीतभर माती आणि खाली बेसॉल्ट खडकाचा मुरूम असा थर पुष्कळ ठिकाणी मिळतो. कुदळ आपटली की ठिणगी उडते. खड्डा उन्हाळ्यातच घ्यावा लागतो, एप्रिल-मेमध्ये, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. काम पहार आणि टिकावाचे. खड्डा उघडा ठेवायचा म्हणजे ऊन त्यात उतरते, किडींची अंडी मरतात, आणि वळवाची एखादी सर झाली तर पाणी तळाशी मुरते. काढलेला मुरूम परत त्यातच भरला तर रोपाला दगडाच्या कुंडीत बसवल्यासारखे होते. गावतळ्याचा किंवा पाझर तलावाचा गाळ उन्हाळ्यात उपसतात, तो दोन घमेली, कुजलेले शेणखत एक घमेले, खाली पालापाचोळा, असे भरण करायचे. रोप लावताना पिशवी कापायची, मुळांचा गोळा फुटू द्यायचा नाही, आणि खड्ड्याची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे खाली ठेवायची, म्हणजे पडेल तो थेंब आळ्यात जमेल. उताराची जमीन असेल तर वरच्या बाजूला उघडे आणि खालच्या बाजूला बांध घातलेले अर्धचंद्राकृती आळे करायचे.

रोप लहान हवे की मोठे, यावरही माणसे वाद घालतात. रोपवाटिकेत दीड-दोन वर्षे वाढलेले, कमरेएवढे रोप शेळीच्या पहिल्या तोंडातून वाचण्याची शक्यता जास्त. पण त्याचे मूळ पिशवीत गुंडाळलेले असेल तर ते जमिनीत खोल जात नाही. कोरड्या मुलखात झाडाची खरी शक्ती सोटमुळात असते. बाभूळ, हिवर, शमी ही झाडे वरून वीतभर दिसत असतात तेव्हाच खाली कितीतरी खोल गेलेली असतात. म्हणून यांच्या बिया थेट जागेवर टाकणे हा रोपाइतकाच, कधी कधी रोपाहून चांगला मार्ग आहे.

मातीच्या मडक्याने पाणी देण्याची रीत या प्रदेशासाठी जणू बेतूनच काढली आहे. रोपापासून सुमारे एक फूट अंतरावर पाच-सात लिटरचे न रंगवलेले, कच्च्या पोताचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे. त्यात पाणी भरायचे आणि तोंडावर शहाबादी फरशीचा तुकडा किंवा खापर ठेवायचे. मडक्याच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी असली की ती ओलावा ओढून घेते, पाणी हळूहळू झिरपते. माती ओली झाली की ओढ थांबते आणि झिरपणेही थांबते. म्हणजे झाडाला केव्हा पाणी हवे हे ठरवायला माणूस लागत नाही, मातीच ते ठरवते. वरची माती कोरडी राहत असल्यामुळे तण माजत नाही आणि उन्हाने उडून जाणारे पाणी वाचते. मुळे आपोआप मडक्याच्या दिशेने खाली वळतात. चीनमध्ये इ.स.पूर्व पहिल्या शतकातल्या फान शेंग-चिह यांच्या शेतीग्रंथात पुरलेल्या मडक्यांचे वर्णन आहे, म्हणजे ही युक्ती किमान 2000 वर्षे जुनी. आपल्याकडे ती कुंभाराच्या आव्याइतकीच जवळची. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर दोन-तीन वर्षांत मडक्याची छिद्रे बुजतात. आणि काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा मडके तडकते, म्हणून अशा जमिनीत भोवती कडब्याचा भुस्सा किंवा पाला जाड पसरावा लागतो.

पाणी आणायचे कुठून, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा डोक्यावरच असते. 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 500 लिटर. शाळेच्या एका इमारतीचे छप्पर 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद धरले तर त्यावर वर्षाला 50,000 लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन, पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून देणे हे सगळे वजा करून पाचातले चार भाग हाती लागले तरी 40,000 लिटर. एका रोपाला आठवड्याला 10 लिटर, ऑक्टोबर ते मे असे सुमारे 34 आठवडे, म्हणजे 340 लिटर. भागाकार केला तर एका छपरावर शंभराहून अधिक रोपांचा कोरडा हंगाम निघतो. अडचण साठवणुकीची असते, कारण एवढे पाणी एका टाकीत मावत नाही. तरी दहा हजार लिटरची एक टाकी बांधली तरी पंचवीस-तीस झाडांची हमी मिळते, आणि पंचवीस झाडे खऱ्या अर्थाने जगली तर एका शाळेचे आवार भरून जाते. जुन्या माळवदाच्या घरांवरून पन्हाळींनी पाणी खाली येत असे, तेव्हा पन्हाळीखाली ठेवलेल्या रांजणातून तुळशीला पाणी जात असे. तत्त्व तेच आहे.

पाण्याइतकेच महत्त्व राखणीला. करमाळा-माढ्याच्या माळावरून धनगरांचे कळप शतकानुशतके फिरत आले आहेत. त्यांची वाट अडवून बाग लावली तर ती बाग टिकत नाही आणि टिकू नये असेही मी म्हणेन, कारण मेंढपाळाचे पोटही त्याच माळावर आहे. त्यामुळे जागा निवडतानाच चराईची वाट सोडावी. बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांचे कुंपण लोखंडी जाळीपेक्षा स्वस्त आणि चोरीला न जाणारे. वाळलेल्या गवताला उन्हाळ्यात वणवा लागतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच भोवतालचे गवत कापून चार-पाच मीटर रुंदीचे जाळपट्टे मोकळे करावे लागतात. कापलेले गवत मेंढपाळांना दिले की तेच झाडांचे राखणदार होतात.

सोलापूरच्या शेजारी बीड जिल्ह्यात अशा कामाचे एक मोठे उदाहरण आहे. अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्री देवराई या नावाने बीड शहराजवळच्या पालवणच्या उघड्या डोंगरावर लोकसहभागातून स्थानिक झाडे वाढवली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथेच पहिले वृक्षसंमेलन भरले. साहित्य संमेलनाला जसा अध्यक्ष असतो तसा या संमेलनालाही होता, आणि तो वडाचे झाड होता. दुष्काळाच्या बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात वृक्षदिंडी निघावी, शाळकरी मुलांनी झाडांची नावे पाठ करावीत, वडाला अध्यक्षपद द्यावे, ही घटना महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. देवराई हा शब्दही त्यांनी नेमका निवडला. महाराष्ट्रातल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले जंगलाचे तुकडे, यांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात केला आणि लोकश्रद्धेने किती दुर्मीळ झाडे वाचवली आहेत ते दाखवून दिले.

हिवरे बाजारची कथा आता घरोघरी माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात पोपटराव पवार सरपंच झाल्यावर ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, श्रमदान केले, पाणलोटाची कामे केली. यातली चराईबंदी विशेष लक्षात घ्यावी. डोंगरावर लावलेल्या रोपांइतकीच, कदाचित अधिक, झाडे तिथे जुन्या बुंध्यांना पुन्हा फुटलेल्या धुमाऱ्यांतून येतात. आफ्रिकेतल्या नायजर देशात टोनी रिनाडो यांनी 1980च्या दशकात हेच ओळखले. शेतात दिसणारी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांची जिवंत मुळे आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी शेतकऱ्यांना नवे रोप लावण्याऐवजी धुमारे निवडून राखायला सांगितले. त्या पद्धतीने नायजरमध्ये सुमारे 50 लाख हेक्टर जमिनीवर झाडे परत आली. जेऊरच्या भोवतालच्या माळावर पळसाचे, हिवराचे, बोरीचे असे किती बुंधे जमिनीलगत वाट पाहत असतील! पाच धुमाऱ्यांतला एक सरळ धुमारा ठेवून बाकीचे छाटायचे, भोवती काटा लावायचा, एवढ्याच कामाने तीन-चार वर्षांत डोक्याएवढे झाड मिळते, कारण मूळ आधीच खाली पोहोचलेले असते. रोपवाटिकेतल्या कोणत्याही रोपाला अशी सुरुवात मिळत नाही. मंडळाने आपल्या हद्दीतल्या अशा बुंध्यांची नोंद केली तर तीच त्यांची सर्वांत स्वस्त लागवड ठरेल.

आणि तरीही प्रत्येक मोकळी जागा झाडांनी भरायची नसते. हे सांगताना सोलापूरकरांइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, कारण नान्नजचे माळढोक अभयारण्य त्यांच्या जिल्ह्यात आहे. 1979 साली स्थापन झालेल्या या अभयारण्याच्या मूळ क्षेत्रात करमाळा तालुक्याचाही भाग होता. पुढे 8,496 चौरस किलोमीटरचे ते क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. माळढोक हा पक्षी पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. तो उघड्या गवताळ माळावरच राहतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर, घरट्याशिवाय, आणि दूरवर नजर फिरवून धोका ओळखते. मध्येच झाडांची रांग उभी राहिली की तिची नजर अडते, आणि त्या झाडांवर बसून कावळे अंड्यावर डोळा ठेवतात. आज देशभर मिळून हा पक्षी दीडशेच्या आतबाहेर उरला आहे, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसणे आता अपवाद. माळ म्हणजे पडीक जमीन असा समज करून त्यावर गिरिपुष्पासारखी मध्य अमेरिकेतून आलेली, भराभर वाढणारी झाडे लावण्याच्या काळात पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचे राज्य आक्रसले. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, चंडोल या सगळ्यांचे घर तेच गवत आहे.

म्हणून गावातल्या झाडप्रेमी मंडळाने पहिले काम नकाशाचे करावे. गावठाण, शाळा, दवाखाना, देऊळ, बाजारतळ, स्मशानभूमी, ओढ्याचे काठ, विहिरींची थारोळी, शेताचे बांध आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू, या झाडांच्या जागा. गवताचा माळ गवतालाच ठेवावा. ओढ्याच्या काठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. रस्त्याला कडुलिंब, चिंच, वड, पिंपळ. बांधावर बोर, आपटा, शेवगा, सीताफळ. स्मशानभूमीत बेल आणि बकुळ. मुरमाड टेकाडावर अंजन आणि हिवर, तेही विरळ. गुलमोहर मादागास्करचा, त्याची मुळे उथळ, वादळात आडवा होतो. त्याची लाल फुले वैशाखात पाहायला छान असतात, हे मान्य करूनही शाळेच्या दारात तो नको. पळस तेवढाच लाल फुलतो आणि त्याच्यावर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी फाल्गुनात जेवायला येतात.

या कामाला सरकारी आधारही आहे. राज्यात सामाजिक वनीकरण विभाग 1982 पासून आहे आणि त्याच्या रोपवाटिका तालुक्यांत आहेत. शहरांमधल्या झाडांना 1975च्या वृक्षसंवर्धन कायद्याचे संरक्षण मिळते, त्यासाठी वृक्ष प्राधिकरणे नेमलेली असतात. शाळांमध्ये हरित सेना आहे. रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने 1990 पासून सोलापूर जिल्ह्याचे रूपच बदलले. डाळिंब, बोर, सीताफळ या कमी पाण्याच्या फळझाडांनी सांगोल्यासारख्या तालुक्याला पैसा दिला, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि केगावला 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आले. त्याच्याही आधी 1930च्या दशकात सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी माळशिरस तालुक्यात जमिनी कसून माळीनगर वसवले आणि स्वतःचा साखर कारखाना उभा केला. बागायत माणसांनी एकत्र येऊन केली की काय होते, याचे हे या जिल्ह्यातले ठळक उदाहरण. ऊस हे या हवेला परवडणारे पीक आहे का, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

एखाद्या गावाला येत्या वर्षीच काम सुरू करायचे असेल तर त्याने बियांपासून सुरुवात करावी, कारण बियांना मुहूर्त असतो. अंजनाच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात, पळसाच्या चपट्या शेंगा वैशाखात वाऱ्यावर उडतात. लिंबोळ्या जून-जुलैत पिकून खाली पडतात आणि त्यांची उगवणशक्ती थोडेच आठवडे टिकते, म्हणून गोळा केल्या की गर धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेराव्यात. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असते. ते मऊ करायला बिया गरम पाण्यात भिजवतात, पण त्याहून सोपा उपाय शेळ्यांच्या वाड्यात आहे. शेळ्या शेंगा खातात, कवच त्यांच्या पोटात झिजते आणि बिया लेंडीखताबरोबर बाहेर पडतात. वाड्यातले खत चाळून घेतले की तयार बी मिळते. वडाला बी नकोच. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, सहा-सात फुटी फांदी कापायची, वरच्या टोकाला शेणाचा गोळा बांधायचा आणि हातभर खोल पुरायची. दोन महिन्यांत तिला कोंब फुटतात. अशी फांदी शेळीच्या तोंडाच्या वर असल्यामुळे तिला कुंपणही कमी लागते. सप्टेंबरपर्यंत पिशव्यांतली रोपे वीतभर होतात, खड्डे भरलेले असतात, मडकी कुंभाराकडून आलेली असतात. मग उत्तरा नक्षत्रात पहिला मुरणारा पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी सकाळी लावणीला लागावे, आणि कोणत्या घराने कोणत्या झाडाला मेअखेरपर्यंत पाणी घालायचे त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्याच दिवशी लिहावी.